करीकल्लदुर्गाचा कोरा वीरगळ

१. दुसऱ्या दरवाजापाशी

वीरगळावरची अक्षरे नाहीशी झाली होती.

नरसिंहमूर्ती यांनी ठसा घेण्याचा कागद भिजवून हातात धरला होता, तो तसाच राहिला. शिलालेख वाचण्यात आयुष्य घालवलेले हे निवृत्त गृहस्थ गुडघे टेकून दगडापुढे बसले. घोड्यावरच्या वीराच्या चित्राखाली जी आडवी पट्टी होती, तिच्यावरून त्यांनी बोट फिरवले. मग डोळे मिटून पुन्हा फिरवले. हिवाळ्यात याच पट्टीवर, तेलाच्या काळ्या थराखाली, त्यांच्या बोटाला अक्षरांच्या ओळी लागल्या होत्या. आता तिथे थर नव्हता आणि ओळीही नव्हत्या. पट्टी घासलेल्या पाटीसारखी गुळगुळीत होती.

"होगिबिट्टिदे," ते हळूच म्हणाले. गेले, सगळे गेले.

त्यांच्या मागे दोन वृद्ध उभे होते. येसाजीराव आणि रणोजीराव हे चुलतभाऊ होते. म्हैसुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या एका मराठा घराण्याच्या या दोन शाखा. घराण्यात एक जुनी तलवार होती. घराण्याच्या मूळ दोन सख्ख्या भावांपैकी एक या गडाच्या दुसऱ्या दरवाजात लढता लढता पडला, आणि जो पडला त्याच्या वंशाकडे तलवारीचा मान, असा रिवाज होता. आयुधपूजेला तिला पहिले कुंकू त्या शाखेने लावायचे. पडलेला भाऊ आपला पूर्वज, असे दोघेही म्हणत. तलवार येसाजीरावांच्या सरस्वतीपुरमच्या घरी होती आणि त्या कारणाने रणोजीराव कित्येक वर्षे त्या घराची पायरी चढले नव्हते.

पडलेल्याचे नाव या दगडावर होते. जे नाव निघेल ते मान्य करायचे, असे दोघांनी प्रथमच कबूल केले होते. येसाजीरावांचे हृदय थकले होते आणि डॉक्टरांनी ही चढण शेवटची म्हणून बजावले होते. भांडण मिटायचे तर आज मिटणार होते.

रणोजीरावांनी उपरण्याने तोंड पुसले आणि दिगंबर खासनीस यांच्याकडे वळून सावकाश म्हटले, "तुम्ही पंच म्हणून आलात. लिहून ठेवा. ज्याला नाव नको होतं, त्यानंच पुसलं."

२. तारेचा ब्रश

दिगंबर खासनीस यांनी काहीही लिहिले नाही. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन ते हेब्बाळच्या एका कारखान्यात आले, आणि यंत्राचे सुटे भाग तपासून पास-नापास ठरवणे हे निवृत्तीपर्यंत त्यांचे काम राहिले. बिघडलेला भाग हाती आला की तो कोणी बिघडवला हे ते आधी विचारत नसत. तो कशाने बिघडला, हे आधी पाहत. ते मूळचे सांगलीचे, येसाजीरावांचे शेजारी आणि दोन्ही शाखांचे कोणीच नव्हेत. म्हणून दोघांनाही पंच म्हणून चालले होते.

संशय सर्वांत आधी निशांतवर गेला, आणि त्याला कारणही होते. हेब्बाळच्या आयटी कंपनीत काम करणारा हा पुण्याचा तरुण सुट्टीच्या दिवशी मित्रांना घेऊन आसपासचे पडके गड साफ करीत असे. हिवाळ्यात याच वीरगळाभोवतीचे गवत काढताना त्याला दगडावर अक्षरे असावीत अशी शंका आली आणि त्यानेच नरसिंहमूर्तींना इथे आणले. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत तारेचा ब्रश निघाला. येसाजीरावांनी त्या ब्रशकडे पाहिले आणि मान फिरवली.

"काका, शपथ घेतो," निशांत म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मी दगडाला हा ब्रश कधीच लावत नाही. पायऱ्यांवरचं शेवाळ काढायला आहे तो."

दिगंबरांनी शपथ ऐकून घेतली आणि ब्रश मागितला. दरवाजाच्या कमानीखाली त्याच जातीच्या दगडाचा एक तुटका तुकडा पडला होता. त्यावर त्यांनी ब्रश ओढला. सरळ, खोल, एकमेकींना समांतर अशा रेघा उमटल्या. मग खिशातले भिंग काढून ते वीरगळापाशी बसले. पट्टीवर सरळ रेघ एकही नव्हती. होती ती बारीक गोल वळणे, एकात एक गुंतलेली.

"हा ब्रश नाही," ते म्हणाले आणि तो निशांतला परत दिला.

दगडाच्या पायथ्याशी, गवताच्या मुळांत पांढरी पूड सांडली होती. दिगंबरांनी चिमूटभर घेऊन आपल्या चाकूच्या पात्यावर चोळली. पात्यावर ओरखडे आले. पूड कठीण होती, आणि दाणा एकसारखा, चाळलेला. ही वाऱ्याने आलेली वाळू नव्हती. शेजारच्या फटीत मुंग्यांची रांग लागली होती. रांगेच्या टोकाला तपकिरी धाग्यांचा एक चोथा होता, अजून ओलसर, फार तर कालचा. त्यांनी तो नाकाशी नेला.

मग ते उठले आणि दगडाला वळसा घालून मागे गेले. मागची बाजू तटाकडे होती, तिथे उभे राहायलाही अडचण होत होती. तरी त्यांनी वाकून त्या बाजूवर भिंग धरले.

तीसुद्धा घासून स्वच्छ केलेली होती.

३. दोन भावांच्या आठवणी

त्यांनी दोघा भावांशी वेगवेगळे बोलायचे ठरवले. येसाजीराव कमानीच्या सावलीत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. आदल्या दिवशी ते घरीच होते, घराबाहेर पडण्याची त्यांना परवानगीच नव्हती. त्यांच्या पत्नी गोदाबाई भजनाला गेल्या होत्या, त्यामुळे दुपारचे जेवण शेजारून आले. ते शेजारी म्हणजे दिगंबरच, तेव्हा हे पडताळण्याची गरज नव्हती.

या दगडाविषयी विचारले तेव्हा मात्र ते खुलले. महालय अमावास्येला घरचे पुरुष गडावर येत, दगडाला तेल घालत आणि नारळ फोडून उतरत. मुलगे लहानपणापासून बरोबर असत.

"हा बळपद कल्लु, गोत्ता? माहीत आहे?" ते म्हणाले. "पाटीवरची पेन्सिल करतात, तो दगड. नख लावलं तर ओरखडा येतो. आमचे आजोबा बजावायचे, तेल बोटानंच लावायचं, नारळ दुसरीकडे फोडायचा. तुटके तुकडे घेऊन आम्ही पोरं त्या तटावर नावं लिहायचो. मी आणि..." ते थांबले. "मी लिहायचो."

"आणि बायका?"

"इल्ला, नाही, बायका इथवर येत नाहीत. खाली देवळापाशी थांबतात. आजच पहिल्यांदा आल्या. नाव निघणार म्हणून मीच म्हटलं, या."

रणोजीराव तटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले होते. बन्नीमंटपाच्या बाजूला त्यांचे घर. आदल्या दिवशी ते मोटारीच्या दुरुस्तीसाठी दिवसभर गॅरेजात होते आणि तिथले चार लोक तसे सांगू शकत होते. त्यांच्या पत्नी अंबुजाबाई कुठे होत्या, असे विचारल्यावर त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. घरीच, आणखी कुठे?

दगडाबद्दल त्यांनी जवळजवळ तेच सांगितले. मऊ दगड, बोटाने लावायचे तेल, तटावर लिहिलेली नावे. फक्त वाक्य त्यांनी मध्ये तोडले नाही. "मी आणि अण्णा लिहायचो," असे म्हणून गेले, आणि म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपण येसाजीरावांना पूर्वीसारखे अण्णा म्हटले. ते खोकले. मग कठोरपणे म्हणाले, "नाव पुसायला किती वेळ लागतो इथं? एक खिळा पुरे."

"तेच मी म्हणतो," दिगंबर म्हणाले. "एक खिळा पुरे होता."

ते परत वळले तेव्हा त्यांना उत्तर मिळाले होते. ते मिळाले नसते तर बरे, असे त्यांना वाटत होते.

४. पाण्याच्या कुंडाशी

खडकात कोरलेल्या कुंडापाशी दोन्ही जावा बसल्या होत्या. दोघींमध्ये एक माणूस बसेल एवढे अंतर होते. गोदाबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या. अंबुजाबाई पाण्याकडे पाहत होत्या. सकाळपासून दोघी एकमेकींशी एक अक्षरही बोलल्या नव्हत्या. नवरे बोलत नसताना त्यांनी बोलू नये, हे सर्वांना साहजिक वाटले होते.

दिगंबर थोडे लांब बसले आणि त्यांनी आपला तपास कारखान्यातला अहवाल सांगावा तसा सांगितला.

ज्याला नाव मिटवायचे असते तो नावावर घाव घालतो, ते म्हणाले. इथे सगळा दगड घासला आहे, वीराचे नाकसुद्धा झिजले आहे, आणि जी बाजू कोणाला दिसत नाही तीही धुतली आहे. हा द्वेष नव्हे, ही सेवा आहे. घासायला चिंच होती आणि रांगोळीची पूड होती. देवाची पितळी भांडी सणाच्या आदल्या दिवशी याच दोन वस्तूंनी घासतात. रांगोळी म्हणजे गारेच्या दगडाचे पीठ. पितळेला त्याने चकाकी येते, पण बळपद कल्लु त्याने खरवडून निघतो. दोघा भावांना हा दगड मऊ आहे हे लहानपणापासून माहीत होते. निशांतला आणि नरसिंहमूर्तींनाही माहीत होते. तेव्हा घासणारा हात असा हवा, ज्याला या दगडाला कधी शिवू दिले नव्हते.

गोदाबाईंचे बोट थांबले.

"हात एक नव्हे," दिगंबर पुढे म्हणाले. "पट्टीच्या डाव्या भागातली वळणे एका दिशेची आहेत आणि उजव्या भागातली उलट दिशेची. मध्ये जिथे दोन्ही भेटतात तिथे सांधा नाही. म्हणजे दोघे जण एकाच वेळी, शेजारी बसून घासत होते. त्यांतला एक डावखुरा." त्यांनी अंबुजाबाईंकडे पाहिले नाही. "पायथ्याशी नाश्ता करताना इडलीच्या डब्याचे झाकण अडकले होते. वाढताना तुम्ही उजवा हात वापरलात, वहिनी, पण झाकण डाव्या हाताने उघडलेत. आणि वर येताना मोठ्या धोंड्यापाशी वाट दुभंगते, तिथे मी नवखा म्हणून थांबून विचार करीत होतो. तुम्हीही म्हणे पहिल्यांदाच येत होता, पण दोघी न विचारता डावीकडे वळलात."

कुंडाच्या पाण्यावर एक पान फिरत होते.

"एकच गोष्ट मला कळली नव्हती," दिगंबर म्हणाले. "इतक्या भक्तीने दगड धुतला, मग त्याला हळदकुंकू का लावले नाही? धुतलेल्या देवाला कुंकू न लावता कोणी उठत नाही. जो घाबरला तोच उठतो."

"दिसली होती अक्षरं," गोदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "तेल निघालं आणि अक्षरं दिसली, भाऊजी. कन्नड होती, जुनी. वाचता येईनात. अंबू म्हणाली, अक्का, अजून जरा स्वच्छ करूया, उद्या वाचणाऱ्यांना सोपं जाईल. आम्ही पुन्हा चिंच लावली." त्या थांबल्या. "आणि हाताखालीच गेली."

अंबुजाबाईंनी मधले अंतर सरकून संपवले आणि जावेच्या पाठीवर हात ठेवला. तो डावा हात होता.

"भांडण मिटणार म्हणून आलो होतो आम्ही," त्या म्हणाल्या. "घरात मोठं कार्य असलं की आदल्या दिवशी देव घासतात ना? तसंच. काळा, चिकट दगड कसा दाखवायचा पाहुण्यांना?"

दिगंबरांनी विचारले की मग सकाळी, पायथ्याशीच, हे का सांगितले नाही. विचारतानाच त्यांना उत्तर समजले, पण ते त्यांना अंबुजाबाईंच्या तोंडून ऐकावे लागले.

"सांगितलं असतं तर दोघी एकत्र कशा आलो, तेही सांगावं लागलं असतं."

५. भांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून

दिगंबरांपुढे एक मार्ग होता. दगड पावसापाण्याने झिजला, असे पंच म्हणून सांगायचे. दोघा भावांनी ते मानले असते किंवा नसते. त्यांनी तो मार्ग त्या दोघींपुढे ठेवलाही. गोदाबाई उठून उभ्या राहिल्या. नको, त्या म्हणाल्या. यांचं हृदय असं, आणि हे जाताना भावाला चोर समजून जातील. त्यापेक्षा मला काय म्हणायचं ते म्हणू देत.

दुसऱ्या दरवाजापाशी सगळे पुन्हा जमले. गोदाबाईंनी पदर खोचला आणि एकदाही न अडखळता सांगितले. चिंच, रांगोळी, पाण्याच्या घागरी, सगळे. नरसिंहमूर्तींनी ऐकता ऐकता ओला कागद घडी करून पिशवीत ठेवला. तेलाचा तो थर ते स्वतः कोमट पाण्याच्या घड्यांनी हळूहळू काढणार होते, हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. आता सांगून उपयोग नव्हता.

रणोजीरावांनी दगडाविषयी काहीच विचारले नाही. त्यांनी बायकोला विचारले, "तुम्ही दोघी कधीपासून भेटता?"

"तुम्ही दोघे भांडलात, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"कुठं?"

"देवराज मार्केटात. फुलवाल्यांच्या ओळीत. तिथं दोन बायका उभ्या राहून बोलल्या तर कोण बघतं?" अंबुजाबाई खाली पाहत नव्हत्या. "आपला कार्तिकेय इस्पितळात होता तेव्हा रोज डबा यायचा. माझ्या बहिणीकडून येतो म्हणून सांगितलं मी. तुम्ही म्हणालात, आमटीला, हुळीला, अगदी आपल्या आईच्या हातची चव आहे. असणारच की. अक्का माझ्या सासूबाईंकडूनच शिकली होती."

रणोजीराव दगडाला टेकायला गेले आणि मग त्यांनी हात मागे घेतला.

"आणि आमच्या मुलीच्या लग्नाचा शालू," गोदाबाई येसाजीरावांना म्हणाल्या, "तुम्ही जो सगळ्यांना दाखवत होतात, तो हिनं निवडला. लग्नाच्या दिवशी ही कल्याणमंटपाच्या बाहेर रिक्षात बसून होती. मिरवणूक आत गेली तशी परत गेली."

येसाजीराव काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. ते बोलले ते रणोजीरावांकडे न पाहता. "तलवार घेऊन जा तू. गाडी घरावरून जाईल तेव्हा."

"नको," रणोजीराव म्हणाले. "नाव कळलं कुठं? तुमच्याकडेच राहू दे."

"घे म्हणतो ना."

"मी कशी घेऊ? कशाच्या जोरावर?"

"आयतु, झालं," गोदाबाई म्हणाल्या. "आता यावरून भांडा. अजून तीस वर्षं जातील."

निशांतला हसू आले. त्याने ते खोकल्यात लपवले. बाकी कोणी हसले नाही. येसाजीरावांना आणखी तीस वर्षे नव्हती आणि हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होते, गोदाबाईंना सर्वांत जास्त. त्यांनी अंबुजाबाईंचा हात धरला. "चल अंबू. ऊन चढायच्या आत उतरू." आणि त्या दोघी, नवऱ्यांच्या देखत प्रथमच, एकमेकींचा हात धरून दरवाजातून बाहेर पडल्या. वळणावरून त्यांचे बोलणे ऐकू येत होते. पायऱ्या, गुडघे, कोणाच्या तरी नातीची परीक्षा. फार वर्षांपूर्वी सुरू झालेले आणि कधीही न थांबलेले असे ते बोलणे होते.

नरसिंहमूर्ती आणि निशांत त्यांच्या मागोमाग गेले. दिगंबर मुद्दाम रेंगाळले. त्यांचे काम संपले होते. भाग कशाने बिघडला ते सापडले होते, आणि तो दुरुस्त होण्यासारखा नव्हता हेही.

मग दोघे भाऊ निघाले. पहिल्या दरवाजाखाली पायऱ्या झिजलेल्या आहेत, कठडा नाही, आणि चढण्यापेक्षा उतरणे तिथे अवघड आहे. येसाजीरावांची काठी दगडावर दोनदा घसरली. रणोजीरावांनी हात पुढे केला नाही. ते फक्त पुढे झाले, भावाच्या एक पायरी खाली, आणि अर्धे मागे वळून, आडवे आडवे उतरू लागले. वरचा माणूस पडला तर तो आपल्याच अंगावर पडावा, असे. येसाजीराव थांबले की ते थांबत. येसाजीराव निघाले की ते निघत.

पायथा येईपर्यंत ते असेच उतरले.